उंबऱ्यावरच भाषा ठरते

गिऱ्हाइकानं दुकानाचा उंबरा ओलांडायच्या आत माझं ठरलेलं असतं, याच्याशी मराठीत बोलायचं की कानडीत. बेळगावातल्या शहापुरात शिलाई मशीनवर बसून माझी तीस वर्षं गेली. वडिलांची त्याच्या आधीची. अंगावरचा कपडा बघायचा आणि मग तोंड उघडायचं, ही आमची बेळगावची रीत. नऊवारी दिसली की मराठी. डोक्याला मोठा रुमाल गुंडाळलेला म्हातारा आला की बैलहोंगलकडचा, म्हणजे कानडी. बऱ्याचदा बरोबर निघतं, आणि म्हणूनच ही खोड मोडत नाही.

गेल्या श्रावणात एक बाई आल्या. डाळिंबी इरकल, लाल टोप पदर, हातात ब्लाउजसाठी खण. मी आपला ऐटीत, "बर्री अक्का, कुंद्री." म्हणजे या अक्का, बसा. बाई बसल्या खऱ्या, पण नुसत्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भावा, मला कानडी येत न्हाई. मी चंदगडची." वर आणि, "लुगडं तुमच्याच गणपत गल्लीतनं घेतलंय की!" शेजारच्या फॉल-पिकोवाल्या वहिनी दिवसभर मला "बर्री अण्णा" म्हणत होत्या.

खरं तर निदान मी तरी चुकायला नको होतं. इरकल बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलचं. त्याचं अंग सुती, पदर रेशमी. दोन्हीचे ताणे वेगळे, मागावरच एकमेकांत फासे घालून जोडलेले. खण येतो त्याच जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून. पुण्यामुंबईत हल्ली खणाच्या साड्या, कुर्ते, तोरणं, पर्सा, सगळं 'अस्सल मराठमोळं' म्हणून विकलं जातं. विकू दे की. पण ते विणणारा माणूस घरात कानडी बोलतो, हे घेणाऱ्याच्या गावीही नसतं. माझी आजी जन्मभर इरकल नेसली, सवाष्णीच्या ओटीत खण घालत आली. तिला कुणी कधी विचारलं नाही, तुझं लुगडं कुठल्या राज्यातलं म्हणून.

बाप्यांचंही तेच. हुक्केरीचा कानडी शेतकरी आणि कडोलीचा मराठी शेतकरी शेजारी शेजारी उभे करा. दोघांना धोतर, नेहरू शर्ट, पांढरी टोपी. तोंड उघडेपर्यंत मी पैज लावणार नाही.

टोपीवरून आठवलं. गांधीजी अध्यक्ष होते असं काँग्रेसचं एकच अधिवेशन झालं, ते १९२४ साली आमच्या बेळगावात. ते भरवण्यासाठी राबलेले गंगाधरराव देशपांडे हुदलीचे. मराठी लिहिणारा-बोलणारा हा माणूस 'कर्नाटक सिंह' म्हणून ओळखला गेला आणि त्यानं खादीला वाहून घेतलं. आजोबा सांगायचे, तेव्हाही कपड्यावरून माणसाची बाजू कळायची. अंगात खादी आहे का नाही, एवढंच बघायचे. खादीच्या आतला माणूस कुठल्या भाषेत शिव्या देतो, याच्याशी घेणंदेणं नव्हतं.

आता बाजू रंगावर आली. १ नोव्हेंबरचंच बघा. १९५६ साली याच तारखेला आम्ही तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलो. म्हणून एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाचा लाल-पिवळा आणि दुसऱ्या बाजूला आमचा, म्हणजे महाराष्ट्रात जायचं म्हणणाऱ्या मराठी माणसांचा, निषेधाचा काळा दिन. त्या दिवशी बेळगावात नुसता शर्ट म्हणून शर्ट घालता येत नाही.

मागं एकदा माझी मुलगी त्या दिवशी काळा कुर्ता घालून मैत्रिणीकडं निघाली. तिच्या डोक्यात काही नव्हतं, तोच तेवढा इस्त्रीचा होता. वाटेत चन्नम्मा चौकाजवळ पोरांच्या एका घोळक्यानं तिच्या गाडीभोवती गलका केला. घाबरून परत आली. बरं, आमच्या गल्लीत शिरल्यावर एका काकांनी पाठीवर थाप मारली, "शाब्बास पोरी!" तिला शाब्बासकीचाच राग जास्त आला. तिनं कपाट उघडलं. काळा नको, पिवळा नको, लाल नको, भगवा तर नकोच. शेवटी गाऊन घालून घरातच बसली.

मी स्वतः काळी फीत लावतो. वडीलही लावायचे. मनापासून पटलेली गोष्ट अंगावर मिरवायला मी कधी लाजलो नाही. पण समोरच्यानं जे ठरवून घातलेलंच नाही, त्याच्यावरून त्याचा निकाल लावायचा, हे मला सहन होत नाही. अगदी तो निकाल आपल्या बाजूचा असला तरी.

वडिलांचं एक सांगतो, रागावू नका. ३१ ऑक्टोबरच्या रात्री एकेक वाजेपर्यंत ते मशीनवर असायचे. कशासाठी, तर राज्योत्सवाच्या मिरवणुकीचे लाल-पिवळे पट्टे शिवायला. गठ्ठे बांधून ठेवायचे आणि सकाळी अंघोळ करून, पांढऱ्या शर्टावर काळी फीत टाचून सायकलवर संभाजी उद्यानाकडं, मूक फेरीला. पायजम्याला पिवळे धागे चिकटलेले तसेच. कॉलेजात असताना मला हे भारी दुटप्पी वाटायचं. एकदा तोंडावर बोललो. ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला एकची तारीख दिलीय, दोनला पट्टे देऊन ते काय करणार?" विषय संपला. आज मी त्यांच्याच मशीनवर त्याच ऑर्डरी घेतो आणि मला काही वाटत नाही. कुणाला वाटत असेल तर कमेंटमध्ये भांडायला मोकळं आहे.

कपड्यावरून माणूस कळतच नाही असं मी म्हणत नाही. कळतो, पण आतल्या बाजूनं. माझ्याकडं एक निवृत्त गुरुजी येतात. कॉलर विरली की शर्ट टाकत नाहीत, कॉलर उलटून घेतात. चांगलं पेन्शन आहे, गरज काडीची नाही. आणि लग्नातला कोट शिवायला आलेला एक नवरदेव म्हणाला होता, "अस्तर कसलं पण घाला, कोण बघतंय?" दोघंही मराठीच. जुनं कसुतीचं भरतकाम कधी हातात आलं तर उलटं करून बघा. गाठ मारत नाहीत त्यात. गवंती टाका उलट-सुलट सारखाच दिसतो.

चंदगडच्या त्या बाई आठ दिवसांनी ब्लाउज न्यायला आल्या. गळा बघितला नाही, बाही बघितली नाही. आल्या आल्या ब्लाउज उलटा केला आणि बाजूची शिवण नखानं चाचपली.

"दाब सोडलाय न्हवं? पुढं लेकीला हुईल."

"एक इंच सोडलाय, अक्का," मी म्हणालो आणि जीभ चावली.

"अक्का चालतंय की," त्या म्हणाल्या. "ते आमच्यातबी म्हणत्यात."