देवमासा बाजूला का होत नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया कडक आहे, पण मुद्द्याची आहे. देवमाशांना जहाजांच्या धडका बसू नयेत म्हणून श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, दोंड्रा भूशिराजवळची जहाजवाट आणखी दक्षिणेला सरकवावी, यावर तुमचे दोन आक्षेप आणि एक सूचना: एवढ्या मोठ्या जहाजाचा आवाज कानावर आदळत असताना देवमासा हटत का नाही? आणि त्याच्यापायी वळसा घेऊन जहाजांनी जादा इंधन का जाळावं? त्यापेक्षा जहाजावरची टेहळणी वाढवा.

कानावर आदळतं खरं, पण नेमकं समोरून कमी. सगळ्यात मोठा आवाज पंख्याचा, तो मागे. मध्ये तीनशे-साडेतीनशे मीटरचं जहाज. शिवाय खालच्या पट्टीतले आवाज पाण्याच्या पृष्ठभागाशी क्षीण होतात, आणि देवमासा श्वासाला तिथेच आलेला असतो. कॅलिफोर्नियाजवळ टॅग लावलेल्या निळ्या देवमाशांच्या नोंदींत दिसतं की जहाज जवळ आलं तरी ते बाजूला पळत नाहीत. सावकाश खाली जातात, सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर.

आता हिशेब करा. जहाजाचं बूड १५ मीटर खोल, म्हणजे त्याखाली जायला अर्धं मिनिट. तेवढ्यात १८ नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) जहाज २८० मीटर येतं, १० नॉटने १५५. 'टेहळणी वाढवा' म्हणता, पण मोठ्या जहाजाच्या ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतून, नाळेपुढचं (जहाजाच्या पुढच्या टोकापुढचं) ५०० मीटरपर्यंतचं पाणी दिसलं नाही तरी आंतरराष्ट्रीय नियमाला चालतं. १८ नॉटला ते अंतर ५४ सेकंदांचं. २०१२ साली कोलंबो बंदरात एका कंटेनर जहाजाच्या नाळेवर आडवा अडकलेला निळा देवमासा सापडला होता.

इंधनाचं अर्धंच मान्य. वळशाला इंधन लागतं; पण दुसरा उपाय म्हणून वेग उतरवला की इंधन वाचतं; जातो तो वेळ. तो भरून काढायला पुढे जहाज पळवलं की बचत बुडाली. म्हणूनच दोंड्र्याला वेगापेक्षा वाट बदलणं बरं. तिथे देवमासे खंडमंचाच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) कडेला, किनाऱ्यालगत जमतात आणि वाट त्यांच्यावरूनच जाते. एमएससी या मोठ्या जहाज कंपनीची जहाजं २०२२ पासून सुमारे १५ सागरी मैल दक्षिणेकडून जातात. वळशाने अंतर पाच मैल वाढलं असं धरलं तरी १८ नॉटला १७ मिनिटं! याउलट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राइट व्हेल ही देवमाशांची दुसरी जात बंदरांच्या तोंडाशीच असते, वाट हलवायला फारशी जागा नाही. तिथे २००८ पासून ठरावीक पट्ट्यांत, ठरावीक हंगामात ६५ फूट आणि त्याहून लांब जहाजांना १० नॉटची मर्यादा आहे.

आणि दोंड्र्याच्या त्याच पाण्यात जवळच्या मिरिस्सा गावाच्या पर्यटक बोटी नि मच्छीमार होड्याही असतात. वाट लांब गेली तर त्यांच्याही डोक्यावरची टांगती तलवार जाते. मात्र अधिकृत बदलासाठी प्रस्ताव श्रीलंका सरकारनेच आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे न्यायला हवा. तोवर बाकीच्या कंपन्यांना वळसा घ्यायचं बंधन नाही.