थंडीत गळतंच म्हणे पेट्रोल!

"थंडीत गळतंच हो पेट्रोल, ऊन पडलं की थांबेल." जुन्या बाइकबद्दल हे पुन्हा कुणा मेकॅनिकनं ऐकवलं तर डोकं फिरेल माझं! थांबलं म्हणजे दुरुस्त झालं का? जुनं रबर थंडीत कडक होतं, आकसतं. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनला देणारा भाग; त्याच्या वाटीची ओ-रिंग, म्हणजे कडेची रबरी रिंग, धड बसत नाही आणि पेट्रोल पाझरतं. इंजिन तापलं की तेच रबर मऊ होऊन चपखल बसतं. म्हणून निफाडच्या थंडीत पहाटे टपटप गळणारी गाडी दुपारी गॅरेजात कोरडी ठणठणीत! मग "काही नाहीये साहेब." अहो, रात्रभर ठेवून घ्या ना, सकाळी बघा!

पण नाही. कुणी क्लिप आवळतो, कुणी पाइप बदलतो, कुणी टाकीच्या सांध्याला साबण फासतो. साबण! खाली तापलेला सायलेन्सर, वर गळतं पेट्रोल, आणि इलाज साबण?

जास्तीचं पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या ओव्हरफ्लोच्या नळीतून गळत असेल तर बहुतेक फ्लोटच्या सुईत, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल अडवणाऱ्या सुईत, कचरा. वाटीच्या कडेला ओल असेल तर ओ-रिंग. टाकीखालच्या पेट्रोल चालू-बंद करायच्या कॉकपाशी असेल तर वॉशर. गार इंजिनवर नुसतं बोट फिरवलं तरी कळतं. वाटीचे चार स्क्रू काढायलाही जिवावर येत असेल तर गॅरेज कशाला उघडलंय?