गुरुवारची बारी

‘भरून न येणारी पोकळी.’ आप्पा गेले त्या दिवशी आमच्या ग्रुपवर हे शब्द मी सतरा वेळा वाचले. मोजले, कारण दुसरं काही हातात नव्हतं. इथे हॉलंडमधल्या डेल्फ्टमध्ये सकाळचे साडेसहा, धुळे जिल्ह्यातल्या साक्रीत अकरा. दुपारी चारला अंत्ययात्रा राहत्या घरून. पंख लावले असते तरी पोचलो नसतो. म्हणून चहा गार करत बसलो आणि पोकळ्या मोजल्या.

आप्पा माझ्या नात्यातले नव्हेत. पाटबंधारे खात्यातली माझी पहिली नोकरी, मी बी.ई.चा कागद घेऊन आलेला कोरा कनिष्ठ अभियंता आणि ते डिप्लोमा करून वीस वर्षं मुरलेले शाखा अभियंता. रब्बीच्या पाण्याचं पहिलं आवर्तन सुटलं त्या सकाळी मी जीप काढून गेटकडे निघालो, तर त्यांनी मला खाली उतरवलं. ‘गेटपाशी काय बघशील? तिथं पाणी असतंच.’ आम्ही उलटे निघालो, चारीच्या टेलपासून, म्हणजे शेतांकडे पाणी नेणाऱ्या पाटाच्या शेवटच्या टोकापासून, वर. बूट चिखलात, डोक्यावर ऊन, मध्ये दोन ठिकाणी चारी फोडून कोणीतरी परस्पर पाणी वळवलेलं. शेवटच्या वावरात एक म्हातारे बाबा गव्हाच्या वाफ्यात उभे होते. आप्पांनी अहिराणीत विचारलं, ‘पानी उनं का?’ पाणी आलं का? बाबा म्हणाले, ‘उनं.’ तेव्हा कुठे आप्पांनी खिशातून पेन काढलं आणि आवर्तनाच्या नोंदवहीत सही केली. पुढे चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. टेलच्या माणसाला विचारल्याशिवाय त्यांनी सही केलेली मी पाहिली नाही. मीही अजून कुठलाही कालवा शेवटाकडून चालतो. इथले सहकारी हसतात आणि मागोमाग येतात.

घरी ते वेगळेच. काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पेपर तपासायचे दिवस आले की स्वयंपाकघर आप्पांचं. हिवाळ्यात वांगी निघाली की अंगणात तुरीच्या काड्या पेटवून भरीत तेच भाजायचे. दोन्ही मुली आणि मुलगा धुराने डोळे चोळत बाजूला, आणि हे लाकडी मुसळीनं मिरच्या-लसूण ठेचताना कोणाच्या शाळेत काय झालं ते विचारणार. कळण्याची भाकरी मात्र त्यांना कधी जमली नाही. नकाशाच निघायचा. काकू त्याला ‘तापी खोरं’ म्हणायच्या.

निवृत्तीनंतर त्यांनी जे केलं त्यावरून हा लेख लिहावासा वाटला. साक्रीचा पश्चिम पट्टा, पुढे नवापूर आणि नंदुरबारचा आदिवासी भाग, इथे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे. हा आजार औषधाच्या एका कोर्सने बरा होत नाही. कित्येक मुलांना पुन्हा पुन्हा रक्त द्यावं लागतं. केंद्राने २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं आणि २०४७ चं लक्ष्य ठेवलं. पण रात्री दहाला मोटारसायकलवर लेकराला घेऊन धुळ्याला पोचलेल्या बापाला २०४७ सांगून काय उपयोग? त्याला आज एक पिशवी लागते. आप्पांनी शर्टाच्या खिशात मावेल अशी डायरी केली. कोण, कुठला, कोणता गट, शेवटचं कधी दिलं. पुरुषाला तीन महिने, बाईला चार महिने झाले की ते स्वतः फोन करायचे: ‘तीन महिना व्हई ग्यात, ये बरं.’ संस्था नाही, लेटरहेड नाही, बॅनर नाही. फोनचं बिल आणि पेट्रोल पेन्शनमधून.

आता ग्रुपवरचं भांडण. तिसऱ्याच दिवशी ते सुरू झालं. पुण्यात आयटीत असलेल्या एकाने लिहिलं, ‘आप्पा अपवाद. आपल्याकडे स्वयंसेवा ही संस्कृतीच नाही. परदेशात बघा, शाळकरी मुलंसुद्धा व्हॉलंटिअर असतात.’ त्यावर धुळ्याहून उत्तर: ‘परदेशात शेजारी मेला तरी चार दिवस कळत नाही. आपल्याकडे सांत्वनाला दारावर बसायला अख्खा तालुका येतो.’ मग दोघांनीही मला टॅग केलं. आमच्यासारख्यांचं हे एक झालंय, दोन्ही पक्षांचे साक्षीदार आम्हीच. मी तेव्हा काही लिहिलं नाही. आता लिहितो.

इथे मी बांधावर पहारा देणारा स्वयंसेवक आहे. नदीला पूर आला की आपापल्या तुकड्यावर पायी फिरायचं, कुठे पाणी झिरपतंय, कुठे घुशीनं बीळ केलंय ते कळवायचं. हे काम वाटरस्खाप नावाची मंडळं चालवतात. देशात अशी २१ आहेत, त्यांची मुळं तेराव्या शतकातली, आणि दर चार वर्षांनी त्यांच्या निवडणुका होतात. १९५३ च्या पुरात या देशात १,८३६ माणसं बुडाली, त्याची आठवण अजून जिवंत आहे. माझ्या तुकड्यावरचा जोडीदार एक म्हातारा गवळी होता, तीस वर्षं त्याच बांधावर फिरलेला. दोन वर्षांपूर्वी तो गेला. राखाडी काठाचं कार्ड पोस्टाने आलं. दिलेल्या वेळेला आम्ही गेलो. कॉफी, केकचा एक तुकडा, तासाभरात ज्याची तो गाडी काढून मोकळा. शरद ऋतूतल्या पुढच्या सरावाला गेलो तर यादीत त्याच्या तुकड्यासमोर एकोणीस वर्षांच्या मुलीचं नाव, आणि तिच्या हातात प्लास्टिकची फाइल. गवळ्याने लिहून ठेवलेलं सगळं त्यात होतं: कोणत्या साली कुठे झिरपलं, कोणत्या झाडाखाली माती पोकळ आहे. पोकळी हा शब्द तेवढ्यापुरताच आला. माणसाबद्दल कोणी काढला नाही. मला ते जरा लागलंच.

धुळेकराचंही खोटं नाही. तो गवळी रात्री गेला, आणि कळलं ते सकाळी, घरी येणाऱ्या नर्सने कुलूप उघडल्यावर. आप्पांच्या उशाशी माणसं होती, आणि पुढे दहा दिवस ओसरीवर सतरंजी उचलली गेली नाही. नंदुरबारपासून माणसं आली. एक कोकणी आदिवासी बाई दोन बस बदलून आली आणि काकूंच्या पायाशी नुसती बसून राहिली. इथे अशा गोष्टीला अपॉइंटमेंट लागते.

पण त्याच दहा दिवसांतली एक गोष्ट आप्पांच्या मुलाने मला फोनवर सांगितली. आठव्या दिवशी ओसरीवर साठ-सत्तर माणसं बसलेली. कोणीतरी सांगत होतं, आप्पांनी किती जीव वाचवले. आतल्या खोलीत आप्पांचा फोन वाजत होता. एकदा, दोनदा, पाच वेळा. सुतकाच्या घरात गेलेल्या माणसाचा फोन कोण उचलणार? सहाव्यांदा याने उचलला. पिंपळनेरकडचा एक बाप, मुलगी धुळ्यात दाखल, बी पॉझिटिव्ह पाहिजे. याने डायरी उघडली. एक अक्षर लागेना. मग आठवलं की आपलाच गट बी पॉझिटिव्ह. चप्पल घालायला लागला तर एक काका म्हणाले, ‘सुतकात रक्त देता येतं का रे? गंधमुक्ती होऊ दे.’ दोन-तीन माना हलल्या. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, आठ दिवसांत फारसं बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, ‘जाय तू. तुना बाप थांबना नसता.’

ओसरीवर आप्पांच्या डायरीतले किमान पंधरा जण बसले असतील. त्यांच्यापर्यंत तो फोन पोचलाच नाही.

म्हणून मला दोन्ही पक्ष चुकीचे वाटतात. आपल्याकडे स्वयंसेवा नाही म्हणणाऱ्याने आपल्या गल्लीतला आप्पा बघितलेला नाही. तो फॉर्म भरत नाही म्हणून मोजणीत येत नाही, इतकंच. मला इथे चार शनिवारच्या प्रशिक्षणानंतर प्रमाणपत्र मिळालं. आप्पांकडे असलं काही नव्हतं. आणि दारावर बसायला तालुका येतो म्हणणाऱ्याला विचारायचंय, आलेल्या तालुक्याने फोन का नाही उचलला? आपण माणूस एवढा मोठा करतो की त्याचं काम दुसऱ्याने हातात घेणं म्हणजे त्याच्या जागेवर बसण्याचा उद्धटपणा वाटतो. ‘भरून न येणारी पोकळी’ हे वाक्य मला आता श्रद्धांजलीपेक्षा राजीनाम्यासारखं वाटतं. भरून येणारच नाही म्हटलं की भरायला कोणाला जावं लागत नाही.

यात आप्पांचीही चूक आहे. ते वाचत असते तर त्यांनीच लिहायला लावलं असतं, म्हणून लिहितो. ज्या माणसाने मला चार वर्षं ‘नोंद अशी कर की उद्या तुझी बदली झाली तरी नव्याला कळलं पाहिजे’ म्हणून छळलं, त्याने स्वतःची डायरी स्वतःलाच कळेल अशी ठेवली.

आणि गंमत बघा, हे सगळं शिकायला हॉलंडला यायची गरजच नव्हती. पांझरेच्या काठी, पिंपळनेर-सामोड्याकडे फड पद्धत कित्येक पिढ्या चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड, एका फडात एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, पाटातला गाळ काढायला सगळ्यांनी यायचं. पाटकरी म्हातारा झाला, दुसरा आला. पाणी माणसाच्या चांगुलपणावर नव्हे, बारीवर चालायचं. ज्याची बारी त्याचं पाणी. बारी चुकवली तर गाव बोलणार. आप्पा मला पहिल्या वर्षी ते बंधारे दाखवायला घेऊन गेले होते, राजदूतवर, मागे पाण्याची कळशी बांधून. पुढे वर धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याचं त्याचं पाणी ज्याच्या त्याच्या वावरात आलं आणि फड विरत गेले. उगाच सोन्याचे दिवसही म्हणायला नको. ज्याला जमीनच नाही त्याला फडात बारी नव्हती, त्याच्या वाट्याला राखणच. पण एक माणूस गेला म्हणून फड बंद पडला, असं ऐकलं नाही.

२००५ मध्ये राज्याने कायदा करून पाणी शेतकऱ्यांच्या संस्थांच्या हाती द्यायचं ठरवलं. पाणी वापर संस्था म्हणतात त्या. जिथे खमका अध्यक्ष मिळाला तिथे चालल्या. तो थकला की दप्तर त्याच्या घरच्या कपाटात. पुन्हा माणूसच. आमच्याच तालुक्यातल्या बारीपाड्याचे चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा ग्रुपवर फुलांचा पाऊस पडला, आणि पडायलाच हवा होता. पण बारीपाड्याचं जंगल टिकलं ते गावाने नियम केले, दंड ठरवले आणि पाळले म्हणून. त्याबद्दल एकाही पोस्टमध्ये ओळ नव्हती.

गेले तीन रविवार आप्पांचा मुलगा आणि मी व्हिडिओ कॉलवर डायरी वाचतोय. तो पान कॅमेऱ्यासमोर धरतो. ‘बुलेट, काळा, ओ निगे., सासू आजारी, पोळ्यानंतर.’ ‘मास्तर धाकटा, ए पॉ., सुई बघत नाही, बोलत राहावं.’ ‘शेवगे बस स्टँड, चहावाला, बी निगे. सोनं आहे, जपून.’ नावं जवळपास नाहीतच. कुठे नंबराचे शेवटचे चार आकडे, बाकीचे डोक्यात. काकू बाजूला बसून ओळखतात: काळा बुलेट म्हणजे अमक्याचा जावई, मास्तर धाकटा म्हणजे त्यांच्याच शाळेतला. आतापर्यंत एकशे साठच्या वर नावं लागली, चाळीसेक राहिली. एका पानावर मी आहे: ‘हॉलंड, बी पॉ., येतो तेव्हा भरीत आधी, रक्त नंतर.’ हे खरं आहे. दर सुट्टीत असंच व्हायचं.

आता ते सगळं स्वच्छ वहीत उतरतंय, आणि फोनच्या बाऱ्या लावल्यात. सोमवार मुलाचा. मंगळवार मेडिकलवाल्या पोराचा. बुधवार शाळेतल्या दोन बाईंनी मिळून घेतला. शुक्रवारी तो पुण्याचा आयटीवाला पुण्यातून फोन लावणार आणि गावात त्याचा भाऊ धावणार. पहिल्याच आठवड्यात दोघांची जुंपली. शनिवार-रविवार मोठ्या मुलीच्या घरी. मी म्हटलं, गुरुवार मी घेतो, फोन तर इथूनही लागतो. मुलगा हसला. म्हणाला, ‘फोन करणं सोपं आहे भाऊ. रात्री अकराला त्याला गाडीवर बसवून धुळ्याला नेणार कोण?’

गुरुवार अजून रिकामा आहे.