पावातलं यीस्ट, म्युटेशन आणि पोटातली जळजळ

नातेवाइकांच्या ग्रुपवर हा निरोप महिन्याभरात तिसऱ्यांदा आला: ‘बेकरीचं यीस्ट जनुकं बदललेलं असतं. म्युटेशनमुळे ते जास्त आम्ल सोडतं, पोटात जाऊन वाढतं, म्हणून पावाने ॲसिडिटी होते. सावरडो खा, त्यात यीस्ट नसतं.’

शेवटापासून सुरुवात करू. सावरडोत, म्हणजे विरजण लावून आंबवलेल्या पावात, यीस्ट नसेल तर तो फुगतो कशाने? त्याच्या विरजणात यीस्ट असतंच, शिवाय लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणूही असतात. त्यामुळे त्याचा पीएच ४ च्या आसपास, साध्या पावाचा साधारण ५.५. पीएच जितका कमी तितकं आम्ल जास्त. म्हणजे औषध म्हणून सुचवलेला पावच जास्त आंबट!

‘पोटात वाढतं’ हे तर एका वाक्यात संपतं: यीस्ट ५५-६० अंशांना मरतं आणि भट्टीत पावाचा गाभा नव्वदीपार जातो.

आता म्युटेशन, म्हणजे जनुकात होणारा बदल. इथे थोडं तथ्य आहे, म्हणून जरा थांबू. धडधाकट यीस्ट साखरेपासून पायरुवेट हा मधला पदार्थ आणि त्यातून मुख्यतः अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बनवतं, आम्लं थोडीच. त्याच्या सुमारे ६००० जनुकांपैकी कुठलं बिघडतं, त्यावर पुढचं ठरतं. एसडीएच नावाची जनुकं मोडली तर सक्सिनिक आम्लाची पुढची वाट बंद होऊन ते साचतं. एफयूएम१ हे जनुक मोडलं तर फ्युमरिक आम्ल. पण एएलडी६ हे जनुक मोडलं तर ॲसेटिक आम्ल उलट घटतं. साके या तांदळाच्या मद्यासाठी जपान्यांनी जास्त मॅलिक आम्ल देणारे म्युटंट (म्युटेशन झालेली यीस्टं) मुद्दाम निवडले, ते चवीसाठी.

मग असं आम्ल साचवणारं यीस्ट बेकरीत का येत नाही? कारखान्यात यीस्ट उसाच्या मळीवर, भरपूर हवा देऊन वाढवतात. एसडीएच मोडलेल्या पेशीचं श्वसनच (ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवणं) अडतं, त्यामुळे ती या शर्यतीत मागे पडते. १९४० च्या दशकात पॅरिसमध्ये जनुकशास्त्रज्ञ बोरिस एफ्रुसींनी अभ्यासलेल्या ‘पेटीट’ म्युटंटचंही तेच: श्वसन बंद, वसाहती बुटक्या.

राहिलं ‘जनुकं बदललेलं’. बेकरीची वाणं प्रामुख्याने निवड आणि संकर करून आली आहेत. आणि म्युटेशन तर दर काहीशे पेशी-विभाजनांमागे एखादं आपोआप होतंच. गोव्यातले पोदेर (पाव भाजणारे) माडाच्या सुरेने, म्हणजे माडीने, पीठ फुगवत, त्या सुरेतल्या यीस्टमध्येही ती होतच होती.

वडापाव खाऊन जळजळलं, तर आधी तळलेल्या वड्याची आणि लाल चटणीची चौकशी करा. तळलेलं पोटात रेंगाळतं, आणि तिथलं आम्ल तुमच्या जठरानेच तयार केलेलं असतं.