दादाचं तळं

घरच्या ग्रुपवर आठवडाभर पुण्याच्या मुठा नदीतल्या सांडपाण्यावरून जुंपली आहे. सुरुवात दादाने केली. कोथरूडच्या गॅलरीत बसून त्याने एक फॉरवर्ड सोडला: परदेशात सांडपाणी नुसतं तळ्यात सोडतात, वीज नाही, यंत्र नाही, निसर्गच ते साफ करतो, आणि आपण मात्र कोटींची टेंडरं काढतो. खाली आठ जणांचे नमस्कार. त्यावर पुतण्या म्हणाला, 'बाबा, ती आजोबांच्या काळातली टेक्नॉलॉजी आहे, आता कोणी वापरत नाही.' मग दादाने मला मध्ये ओढलं. 'ह्याला विचारा. हा तिकडे पाण्याच्याच खात्यात आहे.'

पाण्याचं खातं. त्याबद्दल नंतर बोलतो.

आधी पुतण्याचं. वापरतात रे बाबा. इथे कॅनडातल्या मॅनिटोबात लहान गाव म्हटलं की धान्याचा एलेव्हेटर, कर्लिंग रिंक आणि गावाबाहेर लगून, म्हणजे सांडपाण्याचं तळं, हे आलंच. आमच्या गावाच्या लगूनला तीन सेल, म्हणजे कप्पे, आहेत, पाणी जेमतेम छातीएवढं, भोवती मातीचे बांध. मस्करॅट नावाचे पाणउंदीर त्या बांधांना बिळं पाडतात आणि दर उन्हाळ्यात ती बुजवावी लागतात.

आता दादाचं. त्याच्या 'नुसतं' या शब्दाने माझं डोकं फिरलं. मैला पहिल्या सेलमध्ये येतो, जड ते तळाला बसतं. वर उन्हात शेवाळ वाढतं, दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि त्यावर जगणारे जिवाणू घाण खातात. पाणी हिरवंगार दिसलं की काम नीट चाललंय असं समजायचं. गंमत पुढे आहे. तेच शेवाळ शेवटच्या सेलमधून बाहेर पडलं की प्रयोगशाळेत तरंगते कण म्हणून मोजलं जातं. मर्यादा लिटरमागे 25 मिलिग्रॅमची. ऑगस्टातल्या कडक उन्हाच्या आठवड्यात एकट्या शेवाळानेच ती ओलांडली जाते. ज्याने साफ केलं तोच आरोपी. मग वाट बघायची, ढगाळ गार दिवस गाठायचे, पाणी वरच्या हिरव्या थरातून न घेता मधून काढायचं, पण इतकं खालूनही नाही की तळाचा गाळ ओढला जाईल. तो गाळ किती साठलाय हे एक लांब पारदर्शक नळी तळाला टेकवून, वर काढून बघायचं. गाळ वाढला की तळं आतून लहान होतं. आलेलं पाणी आत थांबून राहण्याऐवजी सरळ बाहेरची वाट धरतं आणि कोपऱ्यातलं तसंच पडून राहतं. म्हणून काही ठिकाणी पाण्यात पडदे टांगतात, त्याला वळसे घ्यायला लावायला.

हिवाळ्यात वर बर्फाचं झाकण, खाली अंधार, अमोनिया संपवणारे जिवाणू गारठलेले. 1 नोव्हेंबर ते 15 जून एक थेंबही बाहेर सोडायचा नाही, साडेसात महिने साठवायचं. एप्रिलअखेर बर्फ फुटतो तेव्हा जो वास सुटतो, त्या आठवड्यात टिम हॉर्टन्सच्या, म्हणजे इथल्या कॉफीच्या दुकानाच्या, रांगेत विषय काढावा लागत नाही.

आणि तुरटी. होय, आपलीच. आजी पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या पिंपात खडा फिरवायची तीच, फक्त इथे ती पातळ असते आणि टँकरने येते. विनिपेग तलाव उन्हाळ्यात उजनीसारखाच हिरवा होतो, त्यामागे फॉस्फरस आहे, म्हणून लगूनच्या पाण्यातून तो आधीच खाली बसवायचा. पत्र्याच्या होडीत टाकी ठेवतात, दोघं बसतात, एक मोटर सांभाळतो, दुसरा नळ. तुरटी पंख्यामागच्या फेसात सोडली की मोटरच ती घुसळते. शेत नांगरल्यासारखी होडी या बांधापासून त्या बांधापर्यंत जात राहते. थोड्या वेळाने पाण्यात पिंजलेल्या कापसासारखे पुंजके दिसायला लागतात, आणि ते फॉस्फरसबरोबर बरंचसं शेवाळही घेऊन तळाशी जातात. दोरीला बांधलेली काळी-पांढरी थाळी आदल्या दिवशी वीतभर खाली गेली की दिसेनाशी व्हायची, ती आता हातभर खालीही दिसते. मग नमुने, मग प्रयोगशाळा, आणि आकडे बसले तरच पाणी बाहेर सोडायचा दरवाजा उघडायचा. यंत्र नाही म्हणे.

बरं, तळंच हवं असेल तर दादा, जागा काढ. इथल्या हिशेबाने पहिल्या सेलच्या एका हेक्टरवर दिवसाला 56 किलो बीओडी (घाण खाताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनवरून काढलेलं घाणीचं माप) घालता येतो, आणि माणशी धरतात साधारण 76 ग्रॅम. म्हणजे हेक्टरला सातशेच्या आसपास माणसं. 2011 च्या जनगणनेतलं 31 लाखांचं पुणे घेतलं तरी चार हजार हेक्टरांच्या वर गेलास. पुण्याच्या उन्हात चौपट भार पेलेल असं धरू, तरी हजार हेक्टर. हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे. वाघोलीत गुंठ्याचा भाव विचारून ये आणि मग निसर्गावर बोल. शहराला यंत्रंच लागणार, पुण्यातले दिवसाला 396 दशलक्ष लिटरचे ते अकरा मैलाशुद्धीकरण प्रकल्प त्यासाठीच आहेत. तळी जमलीच तर नदीच्या खालच्या अंगाच्या लहान गावांना जमतील.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. वर हेही लिहिलं की इथे गावाच्या सभेत लोक लगूनच्या गाळावर तासभर बोलतात, आणि तुम्ही 44 किलोमीटरच्या नदीकाठावरच्या जॉगिंग ट्रॅकची चित्रं पाठवता. मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे नदीकाठच्या पंपाच्या विहिरीतून, कालव्यात काय उचललं जातं आणि दौंडच्या शेतात काय पोचतं, ते तुमच्यातल्या एकाने तरी जाऊन बघितलंय का? पाठवताना बरं वाटलं, हे कबूल करतो.

पुतण्याने दोनच शब्दांचं उत्तर दिलं. 'काका, फोर्ट गॅरी.'

त्याला कुठून सापडलं कोण जाणे. फेब्रुवारी 2024 मध्ये विनिपेगच्या फोर्ट गॅरी पुलाजवळ मैल्याची वाहिनी फुटली आणि दोन आठवड्यांत सुमारे 23 कोटी लिटर कच्चा मैला रेड नदीत गेला. मी लिहिलं, तो अपघात होता. तो म्हणाला, 'आमच्याकडेही अपघातच होतो, फक्त रोज.' मी फोन पालथा ठेवला.

तर, पाण्याचं खातं. होडीत दोघं बसतात असं मी वर लिहिलं. त्यातला नळ धरणारा मी. बाबा गेले तोवर त्यांनाही मी 'वॉटर' एवढंच सांगितलं होतं. ते शेजाऱ्यांना धरणांचं काम सांगायचे आणि मी कधी दुरुस्त केलं नाही. आम्ही शनिवार पेठेतले. ओंकारेश्वराजवळच्या पुलावर श्वास रोखायचा आणि पलीकडे गेल्यावर सोडायचा, इतकाच माझा मुठेशी संबंध होता. वाड्यातलं ड्रेनेज तुंबलं की एक माणूस यायचा. सगळे त्याला नावाने, एकेरीत हाक मारायचे. काम झालं की आजी त्याला चहा द्यायची, कान तुटलेल्या कपात. तो कप एरवी मोरीच्या खिडकीत पालथा असायचा, त्याला दुसरं कोणी हात लावत नसे. मीही नाही.

इथे मी जोडीदाराबरोबर एकाच थर्मासमधली कॉफी पितो. मुलीने शाळेत माझं काम सांगितलं, तेव्हा तिची बाई म्हणाली, वर्गाला लगून दाखवायला आणू का? आणलेही. मी काळी-पांढरी थाळी सगळ्यांच्या हातात दिली. पण विमान लोहगावला उतरलं की मी पुन्हा पाण्याच्या खात्यात जातो.

आई ग्रुपवर फारशी नसते. काल तिचा आवाज आला, 'तुरटीच्या होडीचं छान लिहिलंस. पण त्यात बसतं कोण रे?' दोनदा उत्तर लिहून पुसलं. आता हे सगळंच पाठवतो आहे. दादा, तिला बारीक अक्षर दिसत नाही, तूच वाचून दाखव. कपाचं गाळू नकोस.