साध्या हवेला तीन तास का लागले: मोटरहोमवाल्या सरांच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की साधी हवा भरायला आम्ही तीन तास घालवले, उगाच वजनकाट्यावर पाठवलं, टायरवर स्पष्ट ८० लिहिलेलं असताना पुढे ४० आणि मागे ६० भरून दिले, आणि गरज नसताना व्हॉल्व्ह बदलले. पणजीत पंपावरच्या मुलाने हवा कमी आहे म्हणून चारही चाकांत ८० करून दिली, तेव्हा बेळगावात फसलो अशी तुमची खात्री झाली.

सगळ्यात आधी एक काम करा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. उद्या सकाळी गाडी जागची हलवायच्या आधी हवा उतरवा. पुढे ४०, मागे ६०. तुम्ही चोर्ला घाटातूनच परत येणार म्हणाला होता आणि कणकुंबीकडे परतीचा पाऊस अजून चालू आहे. तुमच्या गाडीच्या पुढच्या वजनाला ८० म्हणजे टायर फुगून नुसत्या मधल्या पट्ट्यावर रस्त्याला टेकणार. ओल्या वळणावर अशा टायरला पकड राहत नाही. खड्ड्यात आपटला तर कापलाही लवकर जातो. घरची सगळी माणसं गाडीत आहेत, म्हणून हे पहिल्यांदा लिहिलं.

आता तो ८० चा आकडा. तो टायरवर आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्याच ओळीत शेजारी १३८० किलो असंही लिहिलंय, आणि दोन्ही मिळूनच त्याचा अर्थ लागतो. एका चाकावर १३८० किलो बोजा आला, तर थंड टायरमध्ये ८० पौंड हवा लागते. ती त्या टायरची शेवटची हद्द. तुमच्या गाडीचं कुठलंच चाक तेवढं उचलत नाही.

दाराच्या खांबावरचं स्टिकरही तुम्ही आम्हाला दाखवलंत, पुढे ३५ आणि मागे ४२. ते स्टिकर पिकअप कारखान्यातून निघाली तेव्हाचं, त्या वेळच्या टायरसाठीचं. नंतर त्या चासीवर केबिन चढली. आत ओटा, फ्रिज, बॅटऱ्या, पलंग, बाथरूम आलं, छतावर सोलर आलं. टायरही बदलून एलटी, म्हणजे हलक्या ट्रकचे, बसवले. एलटी टायर मजबूत असतो, पण तेवढंच ओझं उचलायला त्याला कारच्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. म्हणून स्टिकरचा आकडा मागच्या चाकांना पुरणारा नव्हता. टायरवर एक, दारावर दुसरं आणि हे लोक तिसरंच सांगतात, असं तुम्ही लिहिलंय. खरं आहे ते. बांधून घेतलेल्या मोटरहोमला तिसरा आकडा काढावाच लागतो, आणि वजन केल्याशिवाय तो निघत नाही.

म्हणून काटा करायला पाठवलं. आमच्या भागात ऊस वाहणाऱ्यांना काट्याचं महत्त्व सांगावं लागत नाही, त्यांचं पोटच त्या पावतीवर आहे. पण कार चालवायची सवय असलेल्या माणसाला ते विचित्र वाटणार, हे मला समजतं. काटेवाल्याशी आमचं साटंलोटं आहे असंही तुम्ही सुचवलंय. काट्याचे पैसे तुम्ही तुमच्या हाताने त्याला दिलेत, त्यातला रुपयाही आमच्याकडे येत नाही. पुढे ट्रकची रांग होती, त्यात वेळ गेला.

काट्याआधी पाण्याची टाकी भरायला लावली, त्याचाही तुम्हाला राग आला. शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो वजन, आणि तुम्ही ती गोव्याला भरूनच नेणार होता. रिकाम्या गाडीचं वजन काढून उपयोग काय? माणसं बसलेली, डिझेल भरलेलं, गॅसची टाकी, भांडीकुंडी सगळं जागच्या जागी, अशी प्रवासाला निघालेली गाडी तोलायची असते. आधी नुसती पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग नुसती मागची. तो काटा जमिनीच्या पातळीत असल्यामुळे एकेका बाजूची चाकंही वेगळी तोलता आली. तुमच्या पावतीवर पुढचा एक्सल १२६० किलो आणि मागचा १९८० आहे. मागे डाव्या चाकावर १०४० आणि उजव्यावर ९४०, कारण पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या दोन्ही डावीकडे आहेत. जमलं तर बॅटऱ्या उजवीकडे हलवून घ्या.

पुढचं काम तक्त्याचं. टायरच्या प्रत्येक मापाला किती हवेवर किती वजन चालतं याचा तक्ता असतो. तुमच्या एलटी २४५/७५ आर १६ ला, चाक एकेरी असेल तर (एका बाजूला दोन जोडून नसतील तर), ४५ पौंडांवर साधारण ९२० किलो, ५० वर १०००, ५५ वर १०६० आणि ६० वर ११२५ किलो चालतात. एक्सलच्या दोन्ही चाकांत हवा सारखीच ठेवायची आणि जड चाक धरून हिशोब करायचा. १०४० किलोला ५५ मध्ये जेमतेम भागतं. पण काटा दहा-वीस किलो इकडेतिकडे दाखवतो आणि वळणावर बोजा बाहेरच्या चाकावर जातो, म्हणून ६० दिले. पुढे जड चाकावर ६६० किलोच आहेत. तिथे ४० भरपूर झाले. त्याहून वाढवलं की स्टिअरिंग उडतं आणि आतल्या कपाटांचे स्क्रू ढिले होतात.

राहिले ते थांबण्याचे तास. हा भाग मला सगळ्यात मनाला लागला, कारण त्याच वेळात खरा धोका सापडला होता. तुम्ही पुण्याहून सलग चालवत ऑक्टोबरच्या उन्हात भर दुपारी दुकानावर आलात. मागच्या टायरला हात लावला तर पुढच्यापेक्षा कितीतरी जास्त गरम. गेज ५३ दाखवत होतं. त्यात अंदाजाने थोडी हवा मारून पाठवणं सोपं होतं, पण त्या ५३ मधला उष्णतेचा वाटा किती हे गरम टायर सांगत नाही. काटा करून आल्यावर गाडी सावलीत लावली, टायर निवू दिले, आणि थंड झाल्यावर तेच चाक ४५ वर आलं. म्हणजे ९२० किलोच्या हवेवर ते १०४० किलो ओढत आलं होतं. हवा कमी आणि बोजा जास्त असला की टायरची बाजू सतत दबते, दबून तापते आणि आतून सुटायला लागते. हायवेवर टायर फुटतात ते बहुतेक असेच.

थंड म्हणजे निदान तीन तास उभी असलेली, किंवा दोन-तीन किलोमीटरच्या वर न चाललेली गाडी. कंपन्यांचे सगळे आकडे थंड टायरचेच असतात. चालून आल्यावर मागे ६० चे ६८ दिसले तर घाबरू नका, आणि ती हवा सोडू तर अजिबात नका. सोडलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी कमी भरेल.

व्हॉल्व्हचं सांगतो. तुमच्या डिस्कवर, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकावर, साधे रबरी व्हॉल्व्ह होते, कारला असतात तसले. ते ६५ पौंडांपर्यंतचेच असतात. मागे ६० भरायचे म्हणजे अगदी काठावर, म्हणून धातूचे बसवले. पणजीत त्या मुलाने ८० मारले तेव्हा जुने व्हॉल्व्ह असते तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही. जुने काढलेले आम्ही तुमच्या टूलबॉक्समध्येच ठेवलेत, बघून घ्या.

पणजीच्या पंपावर ५८ दिसले असंही तुम्ही लिहिलंय. बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे, पणजी समुद्राला लागून. खाली बाहेरच्या हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला गेज एक-सव्वा पौंड कमी दाखवतं. पौंडाचा फरक दोन गेजमध्येही पडतो. हवा गळलेली नाही. स्वतःचं एक चांगलं गेज गाडीत ठेवा आणि नेहमी त्याच्यानेच मोजा.

एक काम मात्र राहिलंय. मागचे दोन्ही टायर डिस्कवरून उतरवून आतून बघायला हवेत. कमी हवेवर एवढं अंतर चालल्यावर आतल्या बाजूला इजा झाली असेल तर बाहेरून कळत नाही. त्या दिवशी मी सुचवलं होतं, पण उशीर झाल्यामुळे तुम्ही नको म्हणालात. परतताना बेळगावात मुक्काम करणार असाल तर सकाळी आठच्या आत या. बघायचे पैसे घेणार नाही, आणि टायर चांगले निघाले तर तसंच सांगेन. स्टेपनीत मागच्या चाकाएवढी, म्हणजे ६० हवा ठेवा. ती पुढे लावायची वेळ आली तर उतरवता येते. येण्याआधी एक फोन करा, नंबर पावतीवर आहे.