अहो, तो आता बघत नाहीये!

आमच्या घरात नवी वस्तू आली की कामाची वाटणी ठरलेली असते. वस्तू हे हाताळतात, पुस्तिका मी वाचते. मिक्सर, इन्व्हर्टर, वॉशिंग मशीन इथवर संसार बरा चालला होता. मग निवृत्तीच्या पैशांतून ह्यांनी कॅमेऱ्याचा ड्रोन घेतला.

वजन 249 ग्रॅम. 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन सरकारदरबारी 'नॅनो', आणि तो हौसेसाठी उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. वर द्राक्षाचा एक मणी ठेवला तरी आम्ही थेट 'मायक्रो'त. ह्यांना मात्र परवाना लागत नाही म्हणजे वाचायलाही काही लागत नाही, असंच वाटलं.

नाशकात ड्रोन कुठे उडवू नये हे चटकन कळतं. ओझरला विमानतळ, देवळालीला तोफखाना, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. यांच्या आसपास ड्रोन काढला तर पुढचा चहा पोलीस ठाण्यात. शेवटी 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून हिरवा भाग बघितला (तिथे 400 फुटांपर्यंत मुभा असते) आणि गिरणाऱ्याकडे भाऊजींच्या बागेत जायचं ठरलं. मण्यांत नुकतं पाणी उतरत होतं, बाग बघण्यासारखी होती.

आदल्या रात्री मी मोडचं, म्हणजे ड्रोनच्या उडण्याच्या ठरीव पद्धतींचं, प्रकरण वाचायला घेतलं. सर्कल, हेलिक्स, रॉकेट, बूमरँग... ही नुसती फोटोची हौस. सर्कलमध्ये तो गोल फिरतो, रॉकेटमध्ये कॅमेरा खाली करून सरळ वर जातो, एवढं कळलं की झालं. खरी गोम पुढे होती. प्रत्येक मोड काय करून दाखवेल ते पुस्तिकेत ठळक टायपात, चित्रासकट. त्या बदल्यात तो काय करायचं सोडून देईल, ते खाली बारीक टायपात. निवडणुकीचे जाहीरनामे लिहिणाऱ्यानेच ही पुस्तिका लिहिली असावी.

उदाहरणार्थ, स्पोर्ट मोड. ठळक टायप : वेग! बारीक टायप : अडथळे ओळखणारे सेन्सर बंद, आणि थांबायला जास्त अंतर लागेल. म्हणजे गाडीचा वेग वाढवायचा आणि त्याच क्षणी ड्रायव्हरने डोळे मिटायचे. ह्यांना मोड समजावताना मी एवढंच सांगायचं ठरवलं, की तो काय करेल ते तुम्हाला दिसेलच, तो काय करणार नाही ते मी ओरडून सांगेन.

"पण नॉर्मल मोडमध्ये तरी सगळं दिसतं ना त्याला?" ह्यांनी विचारलं.

नाही. बारीक तारा दिसण्याची खात्री नाही. आणि द्राक्षबाग म्हणजे काय, तर लोखंडी अँगलवर ताणलेल्या तारा. संक्रांत जवळ आलेली, त्यामुळे वर पतंगांचा मांजा. म्हणून उंचीवरूनच उडवायचं ठरलं.

ॲटी नावाचा मोड तर ह्यांनी यादीत बराच वेळ शोधला. सापडेना. सापडणार कसा? आमच्या ड्रोनमध्ये तो आपण निवडायचा नसतोच. उपग्रहांचे सिग्नल गेले आणि खालच्या कॅमेऱ्यालाही जमिनीचा अंदाज येईना, की ड्रोन आपण होऊन त्यात शिरतो. उंची धरून ठेवतो, जागा धरत नाही. वारा नेईल तिकडे जातो.

"आपल्या पक्षासारखं," भाऊजी म्हणाले. कुठल्या, ते मी विचारलं नाही.

बागेत ह्यांनी फॉलो मोड लावला. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, बोटाने स्क्रीनवर स्वतःभोवती चौकट काढली आणि रिमोट माझ्या हातात देऊन रुबाबात चालू लागले. ड्रोन मागे. जाऊबाई टाळ्या वाजवायच्या बेतात. तेवढ्यात हे मांडवाखाली शिरले, आणि पलीकडून शेजारच्या बागेतले नाना बाहेर पडले. पांढरा शर्ट, पांढरी टोपी.

फॉलो मोड चित्रातला आकार आणि रंग ओळखतो. नाव, गाव, नातं त्याला ठाऊक नसतं. ड्रोन नानांमागे निघाला. नाना थबकले, तो थबकला. नानांनी पावलं उचलली, त्यानेही वेग घेतला. हे मांडवातून ओरडताहेत, "नाना, पळू नका!" अशा वेळी हे ऐकून पळणार नाही, असा माणूस मी अजून बघितला नाही.

मी आधी पॉजचं बटण दाबलं, मग घरी परतायचं. त्यात ड्रोन अगोदर ठरवलेल्या उंचीवर चढतो आणि मगच सरळ रेषेत येतो. ती उंची बांधावरच्या सिल्व्हर ओकपेक्षा जास्त ठेवायची, हे रात्री मीच करून ठेवलं होतं. तो चढला, झाडांवरून आला, शेडसमोर थांबला. पण घर म्हणजे त्याच्या लेखी उड्डाणाची जागा, आणि तिथे दरम्यान गड्यांनी कॅरेटची थप्पी लावलेली. खाली सपाट जागा दिसेना, म्हणून तो डोक्याएवढ्या उंचीवर तरंगत राहिला. हे धावत आले.

"आता काय करत नाहीये तो?"

"उतरत नाहीये. कॅरेट उचला!"

चित्रीकरण अप्रतिम झालं. दोन्ही बाजूंना हिरव्या ओळी, मधल्या वाटेवरून धावणारे नाना, मागे डोंगर. भाऊजींनी ते भावकीच्या ग्रुपवर टाकलं. ह्यांच्या वाट्याला मांडवाबाहेर आलेलं एक कोपर आहे.

नानांना राग येईल असं वाटलं होतं. त्यांनी फोन करून एवढंच विचारलं, की मुलाच्या लग्नाआधीचं शूटिंग याच वाटेवर करता येईल का. हे लगेच हो म्हणाले. मी नवरदेवाला लाल शर्ट घालायला सांगितलाय.